झडपेच्या वरचा जिताडा

२ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. माणसाच्या हातून काही मोठं घडणार असेल तर त्याची नोंद आधीपासून हवी. मागाहून लिहिलं की लोक म्हणतात, रचून लिहिलं.

घडणार आहे ते असं. कन्या दोन महिन्यांसाठी घरी आली आहे. तिच्या पीएच.डी.चा विषय जिताडा. मी बाहेर सांगताना 'मरीन बायॉलॉजी' एवढंच सांगतो. जिताडा म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग जेवायला कधी बोलावता.

तिला खाडीकाठी वीस जागांवर वीस माणसं हवी आहेत. प्रत्येकाने रोज सकाळी दोन तास गळ टाकून बसायचं आणि काय मिळालं ते छापील वहीत भरायचं. एकोणीस मिळाले. विसावा मोटारसायकलवरून पडला. मी हात वर केला. सौ. इतकी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. म्हणाली, गळ शेवटचा कधी धरला होतात. म्हटलं, काही गोष्टी रक्तात असतात. तिने विचारलं, कुणाच्या.

कन्या मात्र गंभीर. म्हणाली, बाबा, मासा मिळो न मिळो, नोंद रोजची हवी आणि खरी हवी. दोन वर्षांचं काम आहे, पंचवीस सप्टेंबरला सगळं गाइडकडे द्यायचंय. मी म्हटलं, पाणीखात्याच्या आस्थापना शाखेत सव्वीस वर्षं मस्टर सांभाळलेल्या हेडक्लार्कशी तू बोलते आहेस.

माझी जागा क्रमांक वीस, झडपेच्या वरच्या अंगाला. खारं पाणी वर चढू नये म्हणून नऊ वर्षांपूर्वी आमच्याच खात्याने खाडीवर ही लोखंडी झडप बसवली. कन्या तिला 'कंट्रोल साइट' म्हणते. बाकीचे एकोणीस जण झडपेच्या खाली, आणि कंट्रोल माझ्याकडे. पोरीला माणसाची पारख आहे.

३ ऑगस्ट, सोमवार

माशाचा अभ्यास पूर्ण. चाळीस मिनिटं लागली.

जिताडा खाऱ्या पाण्यातही राहतो आणि गोड्यातही. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या मुळांत, पुलाच्या खांबाआड दबा धरून बसतो. कोळंबी किंवा छोटा मासा जवळून गेला की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, गपकन असा आवाज येतो. चार-साडेचार फुटांपर्यंत वाढतो. विणीला खाडीच्या तोंडाशी, समुद्राकडे जातो, अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला. पिल्लं मग खाडीने वर चढतात, गोड्या पाण्यात मोठी होतात. कन्या पुढे नर-मादीचं काहीतरी सांगत होती, तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. मुख्य मुद्दे आले आहेत.

मेहुणा जागा क्रमांक सातवर आहे, पुलाखाली. फोनवर म्हणाला, दाजी, सांभाळून, पाण्यात पडू नका. दुर्लक्ष केलं.

दुकानातून गळाची नऊ फुटी काठी, रीळ, रबरी कोळंब्या आणि अकरा खिशांचं जाकीट आणलं. काठी लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याने आणली. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला.

५ ऑगस्ट, बुधवार. स. ९.३०

पहिला दिवस. तंत्र चांगलं आहे. गळ पहिल्याच झटक्याला मागे गेला आणि जाकिटाच्या सातव्या खिशात रुतला. जाकिटाची क्वालिटी उत्तम, सुटता सुटेना.

तिथे एक म्हातारा नावाडी माणसं या काठावरून त्या काठावर सोडतो. माझ्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, हेडक्लार्कसाहेब, इथं कशाला बसलात, झडप नऊ वर्षं बंद आहे, जिताडा वर येणार कुठून, इथं बेडूक मिळतील. माणूस बरा आहे, पण जळका.

पकड: शून्य. नोंद केली.

८ ऑगस्ट, शनिवार

गुरुवारी गळ झाडात. शुक्रवारी गळ नावाड्याच्या होडीत. आज मात्र चांगली जड ओढ लागली. दहा मिनिटं झुंज दिली. चप्पल निघाली, डाव्या पायाची. वहीत चपलेला रकाना नाही, ही त्रुटी कन्येच्या निदर्शनास आणायची.

९ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी कन्या वह्या तपासते. माझी उघडून म्हणाली, छान बाबा, असंच चालू ठेवा. पाच शून्यांना छान? लहानपणी ती चित्र म्हणून नुसत्या रेघा मारायची तेव्हा मी याच सुरात छान म्हणायचो.

मेहुण्याला बासष्ट सेंटीमीटरचा मिळाला. फोटो सगळ्यांना पाठवला आहे. फोटोत मासा जास्त समंजस दिसतो.

निश्चय: उद्यापासून शास्त्रशुद्ध पद्धत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणलं. बारा तारखेला अमावस्या, वर्षातली एक मोठी भरती, सकाळी ६.४०. रजा टाकायची. तोपर्यंत बाकी कुठल्याही गोष्टीत लक्ष घालायचं नाही.

१० ऑगस्ट, सोमवार

विसरायला नको म्हणून ऑफिसातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने ठळक लिहिलं: 'बारा तारखेस मोठी भरती, स. ६.४०.' खाली सवयीने सही आणि पद. बारा तारखेची रजा मंजूर.

१२ ऑगस्ट, बुधवार. दु. १

पहाटेच पोचलो. ६.४० झाले, ७ झाले, पाणी जागचं हललं नाही. नावाड्याला विचारलं, भरती कुठे आहे. म्हणाला, झडपेच्या खाली. झडप कशासाठी बांधलीत मग तुम्ही लोकांनी.

हा मुद्दा वेळापत्रकात द्यायला हवा होता.

पकड: शून्य. नऊ वाजल्यापासून ऑफिसचे सतरा मिस्ड कॉल. मोठ्या माणसाला रजेतही सुख नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

कालचा प्रकार. कुणीतरी ते कॅलेंडर वाचलं आणि बाहेर सांगितलं. आस्थापना शाखेच्या हेडक्लार्कच्या सहीने 'मोठी भरती' म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. काल पहाटे सहापासून ऑफिसच्या फाटकावर तीनशे दहा उमेदवार सर्टिफिकेटं घेऊन रांगेत. काही जणांबरोबर आई-वडील. एक जण बारीक केस कापून, धावायचे बूट घालून तयार. शिपायाने रांग नीट लावून घेतली, त्यालाही वाटलं खरंच आहे.

साहेबांनी बोलावलं. विचारलं, कसली भरती. म्हटलं, समुद्राची. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, समुद्राच्या आस्थापनेचं काम आपल्याकडे कधी आलं.

आदेश: पाच सप्टेंबरपर्यंत मी रोज, रविवारीसुद्धा, सकाळी साडेसहा ते दहा फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं आणि जो येईल त्याला भरती नाही असं समक्ष सांगायचं. रजा बंद.

म्हणजे मासेमारीचे दोन तास गेले. कन्येला सांगावं का? सांगितलं तर विसावी जागा रिकामी पडेल, तिचं काम अडेल. तिच्यासाठीच सांगत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

सव्वासहाला काठी घेऊन निघालो. काठी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या मस्टरांमागे उभी केली. फाटकाशी बसलो. बेचाळीस जणांना भरती नाही म्हणून सांगितलं. एकाने विचारलं, साहेब, आतून काही होईल का.

खाडीवरची नोंद: शून्य. गेलो असतो तरी शून्यच आलं असतं, म्हणजे नोंद खरीच.

१९ ऑगस्ट, बुधवार

नीट विचार केला. मी रोज सुधारत होतो. बुधवारी गळ जाकिटात, शुक्रवारी होडीत, शनिवारी चक्क पाण्यात. याच वेगाने गेलो असतो तर आजच्या तारखेला मासा लागणं भाग होतं. तो लागला नाही याला कारण साहेब. साहेबांच्या चुकीची शिक्षा विज्ञानाला का?

नोंद केली: जिताडा, एक. लांबी ४८ सें.मी. शेरा: दया येऊन परत सोडला.

४८ हा आकडा माफक आहे. कोणी बोट ठेवणार नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

कन्येने वही उघडली आणि उभीच राहिली. मला विचारलं, बाबा, नक्की झडपेच्या वर? म्हटलं, अर्थात. म्हणाली, अहो बाबा, तिथे नऊ वर्षांत कुणाला जिताडा दिसला नाही, मी तुम्हाला तिथे बसवलं ते तिथे नसतोच हे दाखवायला. कंट्रोल म्हणजे तेच.

मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं.

मग तिने मला मिठी मारली. दहावीचा निकाल लागला तेव्हा मारली होती, त्यानंतर आजच. सोडला हे वाचून तर म्हणाली, माझ्या एकोणीस लोकांपैकी एकानेही सोडला नाही, सगळ्यांनी घरी नेले. सौ. स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

खरं लिहितो, फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की संध्याकाळपर्यंत मला तो मासा आठवायला लागला. पाठीकडे हिरवट, पोटाकडे चांदीसारखा.

२७ ऑगस्ट, गुरुवार

नोंद: एक, ६४ सें.मी. मेहुण्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त. हा केवळ योगायोग.

फाटकावर आज फक्त अकरा आले.

३० ऑगस्ट, रविवार

मेहुणा घरी आला होता. टेबलावर माझी वही. वाचून खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, दाजी, कुठलं आमिष लावता. मी म्हटलं, आमिषापेक्षा बसण्याची पद्धत महत्त्वाची. पाऊण तास समजावून सांगितलं. लिहून घेत होता. त्याच्यात शिकण्याची वृत्ती आहे, हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

सौ.ने मेहुणा गेल्यावर विचारलं, रोज खाडीवर जाता, बूट कोरडे कसे. म्हटलं, अनुभव.

६ सप्टेंबर, रविवार

शिक्षा संपली. आज प्रत्यक्ष गेलो. साडेतीन तास. काही नाही. नावाडी म्हणाला, बऱ्याच दिवसांनी आलात. वेड लागल्यासारखं ओरडून सांगितलं की मी रोज येतो, तुझं लक्ष नसतं. होडीतले दोन प्रवासी वळून बघायला लागले.

वहीत शून्य लिहायला पेन उचललं. पण तीन आठवड्यांत दोन मासे आणि आज अचानक काही नाही, हे वाचून कुणालाही शंका येईल. सातत्य हा नोंदीचा आत्मा आहे. ७२ सें.मी. सोडला.

७ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात टपाल आलं, विद्यापीठाकडून. विषय: झडप गळत असल्याबाबत. झडपेच्या वरच्या अंगाला जिताडे आढळत असल्याने झडपेतून पाणी व मासे जात असावेत, तरी तपासणी व्हावी. सोबत माझ्या वहीची झेरॉक्स, माझं अक्षर.

गळ मी टाकला आणि गळती ऑफिसला लागली.

साहेबांनी पत्रावर शेरा मारला, हेडक्लार्क यांनी तातडीने उत्तर सादर करावे. म्हणजे माझ्या माशाला मीच उत्तर द्यायचं. मसुदा केला: प्रकरण तपासून पाहण्यात येत आहे. हे वाक्य सव्वीस वर्षांत कधी फसलेलं नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

फसलं. साहेबांनी स्वतः पाणबुड्या उतरवला. दोन तास खाली होता. वर येऊन म्हणाला, झडप पक्की, रबरी पट्टीतून काडीसुद्धा जात नाही. साहेब खूश. झडप त्यांनीच बसवलेली. मला म्हणाले, हा मासा पाहिलेला माणूस मला एकदा भेटला पाहिजे. मी म्हटलं, प्रयत्न करतो.

कन्या मात्र डगमगली नाही. म्हणाली, झडप पक्की असेल तर मासा पुराच्या पाण्यात बाजूच्या भातखाचरांतून वर गेला असणार, हे तर आणखी महत्त्वाचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण फाडून नव्याने लिहायला घेतलं आहे. जेवायलाही उठत नाही. सौ.ने ताट तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मला काय, माझ्यामुळे तिचं काम मोठं होतंय. मोठ्या कामाला मोठा मासा हवा.

१० सप्टेंबर, गुरुवार

नोंद: एक. १०४ सें.मी. वजन अंदाजे चौदा किलो. 'लिंग' हा रकाना आजवर रिकामा राहत होता. कन्येने सांगितलं होतं की वरून ओळखता येत नाही, तो सोडून द्या. पण रिकामा रकाना मला डोळ्यांसमोर सहन होत नाही. एवढा धिप्पाड, रुबाबदार मासा. लिहिलं: नर.

ही वही आता कपाटात ठेवण्यासारखी झाली आहे.

१३ सप्टेंबर, रविवार

कन्येने वही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग विचारलं, बाबा, नर आहे हे कशावरून ओळखलंत. म्हटलं, रुबाबावरून.

मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि ते सांगितलं, जे तीन ऑगस्टला मेहुण्याच्या फोनमुळे राहिलं होतं. जिताडा आधी नर म्हणून वाढतो. पाच-सहा वर्षं नर असतो. मग मोठा झाला की त्याची मादी होते. मीटरभर लांबीचा जिताडा म्हणजे बहुतेक मादीच. एकशे चारचा नर तिने तरी कुठे वाचलेला नाही.

मी पंख्याकडे बघत होतो.

तीच म्हणाली, तुम्हाला ओळखू आलं नसेल, बाबा. हो ना? वाक्य तिनेच तयार करून दिलं. मी फक्त हो म्हटलं. तिने 'नर' खोडलं, शेजारी बारीक अक्षरात स्वतःची सही केली आणि परत लिहायला बसली.

आता सगळं ठीक आहे.

१४ सप्टेंबर, सोमवार

ठीक आहे.

१५ सप्टेंबर, मंगळवार. स. ११, ऑफिस

सकाळी दाढी करत होतो. बाहेर कन्या फोनवर गाइडशी बोलत होती. गाइडला शंका आहेत. त्यांचं म्हणणं, चार मासे, सगळे सोडलेले, एकाचाही फोटो नाही, खवला नाही, आणि झडप पक्की. ही माणसं अशा नोंदी रचतात, ती जागा काढून टाक.

कन्येचा आवाज चढला. असा चढलेला मी ऐकला नव्हता. म्हणाली, सर, बाकी कुणाचंही सांगत नाही, पण माझे बाबा खोटं लिहीत नाहीत. ते ऑफिसातून पेन घरी आणत नाहीत, सर.

हे खरं आहे. पेन मी कधीच आणलं नाही.

अर्धी दाढी तशीच राहिली. सौ. टॉवेल घेऊन आली. हळूच म्हणाली, अहो, मला बुटांवरूनच कळलं होतं, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. आज सांगा, नाहीतर मी सांगते. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

अर्ध्या दाढीने ऑफिसात आलो. कुणी काही विचारलं नाही. सर्वांना वाटलं, हेही काहीतरी शास्त्रशुद्ध असेल.

१५ सप्टेंबर, संध्याकाळ

सांगितलं.

सुरुवात साहेबांपासून केली. कॅलेंडर, फाटक, रजा बंद. मग हवामान. मग विज्ञानातल्या सरासरीचं महत्त्व. ती थांबवत नव्हती, नुसती ऐकत होती. शेवटी कारणं संपली. मला वाटलं नव्हतं, माझ्याकडची कारणं कधी संपतील. मग म्हटलं, एकही मासा नव्हता गं. चारही नव्हते.

तिने पेन्सिल दिली. म्हणाली, ज्या ज्या दिवशी खरंच गेला होतात त्या दिवसांवर खूण करा. पाच ते बारा ऑगस्ट, आठ खुणा केल्या. शिक्षेनंतर फक्त सहा सप्टेंबरला गेलो होतो, पण त्या दिवशी बहात्तर लिहिलेलं. तिथे पेन्सिल टेकवली आणि उचलली.

तिने वही मिटली. विचारलं, बाबा, शून्य लिहायला काय झालं होतं? मला शून्यच हवं होतं.

उत्तर माझ्याकडे होतं. ती शून्याला छान म्हणाली होती, तेव्हा मला लाज वाटली होती. पोरगी मोठी झाली आणि बापाने एकदा तरी तिला काहीतरी आणून दाखवावं, एवढंच. हे मी तिला बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

१६ सप्टेंबर, बुधवार

तिने गाइडला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं नाही, पण टाइप करताना दार उघडं होतं. 'नोंदकर्त्याकडून चूक झाली आहे' असं लिहिलं. बाबा असं लिहिलं नाही.

गाइडचं उत्तर: पंचवीस तारीख आता विसरा. वरच्या जागेच्या नोंदी सहा आठवडे पुन्हा घ्या, प्रबंध डिसेंबरमध्ये. शेवटचं प्रकरण तर तिने फाडलंय, त्याचीही जुनी प्रत नाही.

साहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं की मासा पाहिलेला माणूस मिळाला. ओळखीसाठी पुढे हात केला. साहेबांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, मेमो काढावा लागेल, मसुदा तुम्हीच करा, तुमची भाषा चांगली आहे.

२० सप्टेंबर, रविवार

कन्या विद्यापीठात परत गेली. एकोणीस वह्या बॅगेत नेल्या. जागा क्रमांक वीस तिने नावाड्याला दिली. मी ऐकत होतो, मला समजावं अशा मोठ्या आवाजात त्याला सांगितलं. तो म्हणाला, गळ मी टाकतो बाई, पण लिहिणं मला जमत नाही, दोन बोटं दोरात गेली आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, मग लिहायला कुणीतरी बघा.

स्टँडवर पाया पडली. नेहमीसारखी, ना कमी ना जास्त.

२१ सप्टेंबर, सोमवार. स. ६

गेलो. नावाड्याने विचारलं, काठी? म्हटलं, आणली नाही. मग म्हणाला, बसा. होडीच्या काठावर बसलो. त्याने गळ टाकला, मी नवी वही उघडली. दोन तास. शेवटी म्हणाला, लिहा, शून्य. लिहिलं.

मधल्या वेळात मी त्याला सुचवलं की गळ जरा डावीकडे टाकावा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दीड तास काही सुचवलं नाही.

मेहुण्याला सगळं कळलं आहे. फोन केला होता. म्हणाला, दाजी, तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने बसलो आणि एकोणसत्तरचा मिळाला. खरं बोलतोय की चिडवतोय, ठरवता आलं नाही.

२८ सप्टेंबर, सोमवार

आठ दिवस, आठ शून्यं. रोज पानाचा फोटो कन्येला पाठवतो. दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. सौ. म्हणते, वाचते आहे ना, मग झालं. झालं नाही, पण मी वाद घालत नाही.

पौर्णिमा होऊन गेली. झडपेच्या खालून गपकन आवाज येत होते. नावाडी त्या बाजूला बघून हसला. मी वरच्या पाण्यात बघत बसलो. इथे काही नाही हे रोज पुन्हा बघायला लागतं, हे काम मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी दिलं नव्हतं.

१ ऑक्टोबर, गुरुवार. स. ८.४५

नव्या वहीत पानाच्या मागे एक शेवटचा रकाना आहे, पाण्याचं तापमान. आजवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आज गेलं. हात पाण्यात घातला, कोमट. सत्तावीस लिहायला पेन टेकवलं. नावाड्याने विचारलं, कशाने मोजलंत. म्हटलं, अंदाज आहे, सव्वीस-सत्तावीस असेल, इतक्या वर्षांच्या अनुभवाने. तो म्हणाला, कुणाच्या पाण्याचा अनुभव?

रकाना बराच वेळ रिकामा होता. मग लिहिलं: माहीत नाही.

सव्वीस वर्षांत हे दोन शब्द मी एकाही कागदावर लिहिलेले नाहीत. दुसऱ्या कुणी लिहिले तर असे कागद मी परत पाठवायचो. अक्षर जरा वाकडं आलं. फोटो काढून पाठवला.

घरी येईपर्यंत कन्येचं उत्तर आलं होतं. दहा दिवसांतलं पहिलं. दोनच शब्द: थर्मामीटर पाठवते.

बाबा नाही, कसे आहात नाही. सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, बघू, आणि चष्मा घालून दोनदा वाचलं. मी तीनदा.